डावा कळा

"कोणी खोकू नकात," गुणाजी गुरवाने सगळ्यांना दटावलं, आणि नेमका तोच खोकला.

पावणाईच्या राईत त्याच्यामागे आम्ही चौदा पुरुष अनवाणी उभे होतो. त्यातले तेरा जण गावचे मानकरी, चपला राईच्या दगडी गडग्याबाहेर काढून आणि विझलेली विडी कानावर ठेवून. चौदावा मी. जंगलखात्याचा कारकून, वय तेवीस, नाव निमकर, नेमणूक तात्पुरती. समोर देवी, म्हणजे कमरेएवढा काळा पाषाण. त्याला डोळे नव्हते, तोंड नव्हतं. खांदे मात्र होते, आणि गावाचं सगळं कामकाज त्या खांद्यांवरच चाले.

गुणाजीने चाचपत दोन कळे उचलले. कळे म्हणजे रानझाडाच्या हरभऱ्याएवढ्या हिरव्या कळ्या. झऱ्याच्या पाण्यात बुडवून त्याने त्या देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवल्या. पाणी सुकत आलं की कळा गळून पडतो. उजवा आधी पडला तर होकार, डावा आधी पडला तर नकार. आमच्या खात्यात एवढ्या निर्णयाला साडेतीन वर्षं लागत. इथे वीस मिनिटांत काम होई.

"गे माये पावणाये!" गुणाजीने गाऱ्हाणं घातलं. "तुझी बारा-पाचाची लेकरां तुझ्या पायाकडे जमली असत."

"व्हय म्हाराजा!" तेरा जण ओरडले.

"खात्याचो सायेब इलो हा. राय तोडूक व्हयी, असा तेचा म्हणणा."

"व्हय म्हाराजा!"

"राय दिली तर ठेकेदार गावाक रस्तो करून देतलो. रस्तो झालो तर एश्टी येतली. तुझ्या मनात काय असा ता सांग. लेकरांचा काय चुकला तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो. सरकारी माणसाने स्थानिक रीतिरिवाजाला मान द्यावा, असं एक परिपत्रक होतं.

मग ती शांतता. राईत दुपारीसुद्धा उजेड खाली पोचत नसे. पोचला तर हिरवा होऊन. झऱ्याचं पाणी पाषाणामागून निघून, मुळांतून वाट काढत गडग्याबाहेर जात होतं. तेवढाच आवाज. आबा सावंत, पहिल्या मानाचा मानकरी, मिशा चावत उजव्या खांद्याकडे बघत होता. त्याला एस.टी. मनापासून हवी होती. त्याची लेक आदल्या वर्षी बाळंतपणात डोलीतून नेताना वाटेतच गेली होती.

डावा कळा पडला.

"देवी नाय म्हणता," गुणाजी म्हणाला. पडल्याचा आवाज त्याला कसा ऐकू आला, देव जाणे. मला तर आला नव्हता.

हा दुसरा नकार. आठ दिवसांपूर्वीचा पहिलाही डावाच होता. देवीला एकाच गोष्टीबद्दल तीनदा विचारता येतं. चौथ्यांदा विचारणं म्हणजे तिच्यावर अविश्वास.

*

रेंजर पटवेकर साहेब सज्जन माणूस होता. ओरडत नसे. पेन्सिलीला टोक करत बोले.

"निमकर, शासनाला देवीचं काही वावडं नाही. पण ठराव लागतो. गावाची सही लागते. गाव म्हणतं, देवीचा होकार आला की सही. मग देवीचा होकार कोणी आणायचा?"

"मी, साहेब."

"दोनशे अकरा झाडं आहेत. मार्च संपायच्या आत तोड सुरू झाली पाहिजे. होकार आला, तुझी नेमणूक कायम. नाही आला, तर तात्पुरती ती तात्पुरतीच. तीही मार्चअखेरपर्यंत."

अडचण अशी होती की सातारला आईला मी नोव्हेंबरातच कळवून टाकलं होतं की मी कायम झालो. आईने पेढे वाटले होते. मुलीही बघायला सुरुवात केली होती. म्हणजे मला देवीचा होकार हवा होता तो शासनासाठी नव्हे. मागच्या तारखेने कायम होण्यासाठी.

मी राहायला गुणाजी गुरवाच्या पडवीत होतो. सन अडुसष्ट. तेव्हा रत्नागिरी जिल्हा एकच होता आणि पाणसरे हे गाव त्याच्या तळाशी, सह्याद्रीच्या पायथ्याला, नकाशावर शाईचा थेंब पडलाय असं वाटावं इतपत. घरात दोनच माणसं. म्हातारा गुणाजी आणि त्याची सून द्वारका. मुलगा मुंबईत गिरणीत.

द्वारका पंचविशीची असेल. सकाळी पेजेचा वाडगा माझ्यासमोर आदळायची आणि चौकशी करायची.

"मगे, आज किती झाडां मोजलास?"

"चाळीस."

"काल पण चाळीसच सांगितलास. तीच तीच मोजतास काय?"

"काल डावीकडून मोजली, आज उजवीकडून."

"ह्येका पगार देतत?" ती चुलीकडे बघून विचारायची. चूल तिच्या बाजूची असे.

राईच्या गडग्याच्या आत बाईने पाऊल टाकायचं नाही, हा नियम. देवी बाई, तिच्या घरी बाईलाच मज्जाव. मी याचं कारण एकदा आबा सावंताला विचारलं होतं. तो म्हणाला, "अहो, दोन बायलमाणसां एका जाग्यार इली की काय होता ता तुमचा लगीन झाला की कळतला." बायका बाहेर, गडग्यातून पाणी जिथे दगडी कुंडीत पडे तिथे थांबत. गावच्या बत्तीस घरांचं पाणी तिथून भरलं जाई. सकाळ-संध्याकाळ घागरींची रांग. त्या रांगेत राई तोडण्याबद्दल काय बोलणं चालायचं ते मी जाता-येता ऐकलं होतं.

"राय गेली की झर जातली," द्वारका एकदा मोठ्याने म्हणाली, मला ऐकू जावं म्हणूनच. "माझी सासू सांगी. राय पाणी पिता आणि उरलेला आमका वाडता. आमच्यासारखाच. आदी घोवाक, पोरांक, मगे आपणाक. राय तेवढी आदी आपण पिता, म्हणान जिती असा."

बायका हसल्या. मीही हसलो. ठराव मात्र मानकऱ्यांचा होता, आणि मानकऱ्यांत बाई नव्हती. गावात एखाद्या गोष्टीत जिचा विचार घेतला जाई, अशी बाई एकच. ती दगडाची होती.

*

दुसऱ्या नकाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारका पडवीच्या पायरीवर येऊन बसली. हातात एक कोरं पाकीट.

"एक पत्र लिवशात? ह्यांका."

मी कागद घेतला. पत्रात नेहमीचं होतं. म्हशीचं, कुळथाचं, शेजारणीच्या जिभेचं. मग ती थांबली. मागे वळून घरात बघितलं. म्हातारा परसात होता.

"आता लिवा. मामंजींची नजर पार गेली. कोणाक सांगू नकात. गावाक कळला तर गुरवपण चुलत्याकडे जातला." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दोन वर्सां मीच जातंय राईत. कोंबडो आरवूच्या आदी. देवीक न्हाव घालतंय, कळे काढून ठेवतंय, वाट झाडतंय. दिस उजाडूच्या आत भायर. मामंजी मगे जाऊन नुसते उभे ऱ्हवतत."

माझं लिहिणं थांबलं.

"लिवा ना."

"हे... लिहू?"

"तुमी परगावचे. तुमच्या पोटात ऱ्हवतला. हयच्या मास्तराकडसून लिवून घेतला असता तर सांजेक गावभर." मग हळूच हसली. "भिया वाटता काय? मी अजून मेलंय नाय. दोन वर्सांत देवीन माका कायव करूक नाय. पयल्या दिसाक मी पण भियालंय. हात लावलो तर काय, गार दगड. मगे म्हटला, माये, तुझी कंबर आणि माझी कंबर एकाच उंचीची."

मी लिहून पुरं केलं. पाकीट चिकटवायला माझी सरकारी डिंकाची बाटली काढली, रबरी टोपणाची, आत कुंचला असलेली. पाकिटाच्या कडेला कुंचला फिरवला आणि पोस्टमन येईपर्यंत तिला आणखी काही आठवेल म्हणून पाकीट तसंच उघडं ठेवलं. तासाभराने बघतो तर डिंक वाळून कडक.

"वाया गेला?" तिने विचारलं.

"नाही. ओल्या बोटाने पुसा. पुन्हा चिकटेल."

तिने बोट पाण्यात बुडवून कडेवरून फिरवलं, घडी दाबली. मग ओढून बघितली. सुटेना.

"गे बाई," ती म्हणाली. "वाळलेला असतानी कळणा पण नाय. आणि वला झाला की सोडणा नाय."

ती आत गेली. मी त्या बाटलीकडे बघत राहिलो.

*

तिसऱ्या कौलाचा दिवस ठरला. सोमवार, दुपारी बाराला.

मला आता वेळापत्रक ठाऊक होतं. कोंबडा आरवायच्या आधी द्वारका आत जाऊन देवी धुणार. बाराला मानकरी येणार. मधले पाच-सहा तास राईत कोणी नाही; फक्त झाडं मोजायला मोकळीक असलेला खात्याचा कारकून.

साडेआठला मी चपला काढून आत गेलो. पाषाण अजून दमट होता. पायाशी केळीच्या पानावर ताजे कळे मांडलेले. वाट झाडलेली, झाडूचे अर्धवर्तुळाकार फटके एकापुढे एक, कोणी घाईघाईने पण नीट काम केल्यासारखे. मी धोतराच्या सोग्याने डावा खांदा कोरडा पुसला आणि कुंचला फिरवला. चार बोटं लांब, दोन बोटं रुंद. फुंकर मारली. ऊन नव्हतं, तरी साडेअकरापर्यंत डिंक वाळून पाषाणाच्या रंगात मिसळून गेला. हात लावला तर दगडच.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. वाटली ती एक बारीकशी हुशारी. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून उत्तर मिळालं की वाटते तशी.

बाराला गाऱ्हाणं झालं. "व्हय म्हाराजा" झालं. गुणाजीची आंधळी बोटं आधी उजव्या खांद्यावर गेली, मग डाव्या. ओला कळा त्याने डिंकावर दाबला. क्षणभर बोट तिथेच राहिलं. मला वाटलं, संपलं. पण त्याने बोट काढून घेतलं आणि धोतराला पुसलं.

आठ मिनिटांत उजवा कळा पडला.

आबा सावंताने दोन्ही हात वर केले, आणि हा मिशाळ माणूस सर्वांसमोर रडला. "एश्टी येतली," म्हणाला. "आवशीचो होकार इलो. एश्टी येतली." ठरावावर तेरा अंगठे-सह्या झाल्या. मी शाईचं पॅड पुढे करत होतो.

जाताना मी एकदा मागे वळून बघितलं. डावा कळा खांद्यावर तसाच बसला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेचा वाडगा आदळला नाही. अलगद ठेवला. मी वर बघितलं.

द्वारकेने मूठ उघडली. तळव्यावर सुकलेला कळा. त्याच्या बुडाला डिंकाचा पिवळसर पापुद्रा, आणि पापुद्र्याला पाषाणावरचं शेवाळ सोलून आलेलं.

"खरवडून काढूक लागलो," ती म्हणाली. "नखान."

मी वाडग्यात बघितलं.

"तुमचीच बाटली ना?"

परसातून म्हातारा खोकला. ती खाली बसली, माझ्यासमोर, दोन हातांच्या अंतरावर. एवढ्या जवळ ती कधी बसली नव्हती.

"बघा, मी बोललंय तर पयलो प्रश्न होतलो, तू राईत कशी गेलंस. मगे मामंजींचा गुरवपण गेला, घर गेला. तुमी बोललास तर तुमची नोकरी जातली. ता माका कळता. पण तुमी बापयमाणूस. सातारा असा. दुसरी नोकरी गावतली. आमका दुसरी झर खय गावतली?"

"उद्या," मी म्हणालो. "उद्या सकाळी सांगतो. तोड उद्यापासून आहे. त्याआधी सांगतो."

"आवशीची शप्पथ?"

"आईची शपथ."

तिने कळा पदरात बांधला आणि वाडगा पुढे सरकवला. "खावा. निवली."

त्या दिवशी दुपारी रेंजर साहेबांचा शिपाई कागद घेऊन आला. नेमणूक कायम. मागच्या तारखेने नव्हे, पण कायम. मी कागद चारदा वाचला. मग आईला पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं.

*

सकाळी ठेकेदाराची वीस माणसं कुऱ्हाडी घेऊन गडग्याबाहेर उभी होती. मानकरी आत. पहिल्या झाडावर खात्याचा शिक्का उठवायचा मान माझा. लोखंडी हातोडा असतो, त्याच्या तोंडावर अक्षरं. झाड किंदळीचं होतं. दोघांच्या मिठीत मावणार नाही एवढं.

मी हातोडा उचलला. सांगायचं तर आता. मी मनात वाक्य जुळवत होतो. मी नेहमीच वाक्य जुळवत बसतो.

"थांबा."

गडग्याच्या फटीतून द्वारका आत आली. दिवसाउजेडी. पस्तीस-छत्तीस पुरुषांच्या समोर. चप्पल बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन, सरळ पाषाणापर्यंत चालत गेली आणि वळली. बाहेर कुंडीवर बायका घागरी टाकून गडग्याला छातीने टेकल्या होत्या.

"ह्यो डावो कळो," तिने पदराची गाठ सोडली. "रातभर खांद्यार होतो. पडूक नाय. कित्याक पडूक नाय ता बघा. डिंक असा ह्येका. आबानू, हात लावून बघा."

आबा सावंताने हात लावला नाही. तो तिच्या पायांकडे बघत होता.

"तू राईत कशी शिरलंस गो?"

"ता मगे सांगतंय. आदी कळो बघा."

"राईत कशी शिरलंस?"

"दोन वर्सां शिरतंय मी!" ती ओरडली. "तुमची देवी मी धुतंय! मामंजींका दिसना नाय. इचारा तेंका!"

सगळे गुणाजीकडे वळले. म्हातारा आवाजाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभा होता. "माका काय दिसता," एवढंच म्हणाला, आणि त्या तीन शब्दांत त्याचं गुरवपण संपलं.

पण आबा सावंत न्यायी माणूस होता. त्याने कळा द्वारकेच्या हातून घेतला नाही. तिला तो दगडावर ठेवायला लावून मग उचलला. नखाने पापुद्रा खरवडला. हुंगला. माझ्याकडे आला.

"भाऊसायेब. ह्यो डिंकच दिसता. तुमच्याकडे असता डिंक. तुमी सांगा."

हातोडा माझ्या हातात होता. खिशात कागद होता. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. पेज निवेल म्हणून सांगताना बघायची तसंच.

आणि मी जुळवून ठेवलेलं वाक्य सोडून भलतंच वाक्य माझ्या तोंडातून आलं. सहज. इतकं सहज मी आयुष्यात तोपर्यंत काही बोललो नव्हतो.

"आबा, डिंक झाडालाच येतो. राईत डिंक सापडला म्हणून कारकुनाला धरलंत, तर उद्या पोळं सापडलं की मधासाठीही मलाच धराल."

एक क्षण काही झालं नाही. मग ठेकेदार हसला. मग मानकऱ्यांतला एक. मग सगळेच, सुटल्यासारखे, तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखे. आबा सावंतही हसला, डोळे पुसत. त्याला हसायचंच होतं. त्याने कळा फेकून दिला.

द्वारका हसली नाही. रागावलीही नाही. तिने माझ्याकडे बघणं थांबवलं, बस्स. दिवा काढून दुसऱ्या खोलीत नेतात तसं. मग ती गडग्याबाहेर गेली. बायकांनी तिला वाट दिली, जरा जास्तच रुंद.

मी शिक्का मारला. अक्षरं छान उठली.

*

पुढचं फार नाही. गुरवपण चुलत्याकडे गेलं. द्वारकेला कुंडीवर पाणी भरायला वर्षभर बंदी झाली; ती मैलभर खाली नदीवर जाई. राई पंधरा दिवसांत तोडून झाली. मी दोनशे अकरा मोजली, या वेळी दोन्हीकडून. दुसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला आणि मग सगळ्याच बायका नदीवर जाऊ लागल्या. हे मला बदलीच्या गावी कळलं. तोवर खात्यात माझं विनोदी माणूस म्हणून नाव होऊ लागलं होतं. निमकर आला की मैफल रंगते. बदलीच्या समारंभात, निरोपाच्या सभेत, साहेबांच्या मुलीच्या लग्नात माझं भाषण असे. लोक पोट धरून हसत. आणि दर वेळी हशा पिकला की माझी नजर आपोआप शेवटच्या रांगेमागे जाई, दाराशी, जिथे कोणी हसत नसलेलं उभं आहे का ते बघायला. तिथे बहुतेक वेळा कोणी नसे. कधी असे. मग चहावाल्याची बाई असे, नाहीतर झाडूवाली, आणि माझं पुढचं वाक्य विसरायला होई.

निवृत्त होताना मला वृक्षमित्र म्हणून शाल दिली. तीही मी विनोद करूनच घेतली.

त्यानंतर सहा वर्षांनी, एप्रिलात, पाणसऱ्याहून निमंत्रण आलं. पावणाईच्या नव्या मंदिराचा वर्धापनदिन. जुने अधिकारी म्हणून सत्कार. मी एस.टी.ने गेलो. एस.टी. अगदी देवळाच्या दारात जाते. तिच्या मागोमाग पाण्याचा टँकर आला.

राई होती तिथे फरशा होत्या. देवी संगमरवराची, डोळे-तोंडासकट. भिंतीवर स्थानमाहात्म्य रंगवलेलं. आबा सावंताचा नातू समितीचा अध्यक्ष होता. त्याने मला ते बोट फिरवून वाचून दाखवलं. पूर्वी इथे घनदाट राई व अखंड झरा होता. एका गुरविणीने मर्यादा मोडून राईत पाऊल टाकले. देवीने राई व पाणी परत नेले. खाली लाल अक्षरांत, स्त्रियांना आत प्रवेश नाही.

बाहेर टँकरच्या नळीपाशी हंड्यांची रांग लागली होती. रांगेत एक पांढऱ्या केसांची बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. कंबर आता त्या उंचीवर राहिली नव्हती. मी जवळ गेलो. तिने एकदाच बघितलं.

"मगे," ती म्हणाली, "नोकरी टिकली?"

"टिकली."

"बरा झाला. आवस खूश झाली आसतली."

"द्वारकाबाई, मी आज सांगतो. सगळ्यांसमोर."

"उद्या नाय ना?" ती म्हणाली, आणि हंडा एक पाऊल पुढे सरकवला.

आत दोनशे माणसं होती. सगळे पुरुष. अध्यक्षाने ओळख करून दिली: विनोदी शैलीसाठी प्रसिद्ध असलेले आपले निमकर साहेब. हातात प्रसादाचं गूळखोबरं ठेवलं. मी उभा राहिलो.

"त्या भिंतीवर लिहिलंय ते खोटं आहे," मी म्हणालो. "गुरविणीने काही केलं नाही. तिसऱ्या कौलाच्या दिवशी देवीच्या डाव्या खांद्याला मी डिंक लावला होता. सरकारी बाटलीतला. कळा पडला नाही तो त्यामुळे. देवीने दोनदा नाहीच म्हटलं होतं."

एक क्षण काही झालं नाही. मग पुढच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं.

"खरं सांगतोय," मी म्हणालो.

मग सगळं सभागृह हसलं. अध्यक्ष मांडीवर थाप मारून हसला. "सरकारी बाटलीतलो!" मागून कोणी ओरडलं, आणि पुन्हा हशा. मी हात वर केला, तर टाळ्या. मी रडलो असतो तरी चाललं असतं. तेही त्यांना आवडलं असतं. माझी नजर दाराकडे गेली. उंबऱ्याबाहेर, लाल अक्षरांच्या पलीकडे, ती हंडा भरून थांबली होती.

मी बाहेर आलो.

"सांगितलास?"

"सांगितलं."

"ऐकला मी." तिने आतल्या हशाकडे मान कलती केली. "तेवाय असेच हसलेले."

प्रसादाची माझी मूठ तशीच आवळलेली होती. तिने ती बघितली. मी उघडली. गूळ वितळून बोटं एकमेकांना चिकटली होती.

"हात चिकाट झालेहत तुमचे," ती म्हणाली. "हय धरा."

तिने तांब्या हंड्यात बुडवला आणि माझ्या हातांवर ओतला. मग दुसरा. माती पाणी पिऊन टाकत होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तिने तिसरा बुडवला.

"गो काकी!" रांगेतून एक तरुण बाई ओरडली. "पाणी नासतंस कित्याक? टँकर आता परवा येतलो!"

"पुरे," मी म्हणालो. "द्वारकाबाई, पुरे."

"ऱ्हवांदे," ती म्हणाली, आणि ओतत राहिली.